किडनी प्रत्यारोपण : पहिल्या चौकशीपासून रोजच्या गोळीपर्यंत

डॉक्टरांनी ताईला पहिल्यांदा ‘प्रत्यारोपणाचा विचार सुरू करा’ असं सांगितलं, तेव्हा तिचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाजी आकडा, २२ होता. ती हिंडत-फिरत होती, कामावर जात होती. घरात सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला : म्हणजे अजून वेळ आहे. त्या ‘अजून वेळ आहे’मध्ये आठ महिने गेले आणि शेवटी एका रात्री मानेच्या शिरेत नळी घालून घाईघाईनं डायलिसिस सुरू करावं लागलं. पुढे मी तिला माझी किडनी दिली, दोघंही ठणठणीत आहोत. पण ते आठ महिने मला अजून खटकतात. मी डॉक्टर नाही. दात्याच्या खाटेवरून आणि नातेवाइकांच्या बाकावरून जे कळलं, ते क्रमानं सांगतो. औषधांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

आकडा कळला की चौकशी सुरू

रिपोर्टमधलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) एकटं बघू नका, ते फसवतं. ते १ वरून २ वर गेलं तर ‘एकनंच वाढलं’ असं वाटतं, पण तोवर किडनीचं निम्मं काम गेलेलं असतं. वयस्कर, बारीक अंगाच्या माणसात तर ते खूप उशिरा वाढतं. त्यामुळे ईजीएफआर विचारा. तरुण निरोगी माणसात तो साधारण ९० च्या वर असतो आणि १५ च्या खाली गेला की किडनी निकामी झाली असं धरतात.

तो ३० च्या खाली सरकायला लागला की प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाची गाठ घ्यायची. डायलिसिस लागण्याआधी निदान सहा महिने ते वर्षभर हे व्हायला हवं, कारण रुग्णाच्या आणि दात्याच्या तपासण्यांनाच कित्येक महिने जातात. सगळं वेळेत जमलं तर डायलिसिसचं तोंड न बघता थेट प्रत्यारोपण होऊ शकतं आणि त्याचे निकाल बहुतेक वेळा सर्वांत चांगले असतात. याचा अर्थ ईजीएफआर २५ असताना ऑपरेशन करतात असा नाही. ऑपरेशन सहसा तो १० च्या आसपास आल्यावर किंवा त्रास वाढल्यावर होतं. लवकर करायची ती तयारी.

या काळात दोन गोष्टी सांभाळा. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा, त्या हातातून रक्त काढू देऊ नका आणि सलाइन लावू देऊ नका. पुढे डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातली शीर धमनीला जोडायची वेळ आली तर याच शिरा लागतात आणि फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला काही आठवडे ते काही महिने जातात. दुसरं म्हणजे रक्त चढवायचं ठरत असेल तर ‘हे टाळता येईल का?’ असं विचारा. परक्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे परक्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीज, तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

रुग्णाच्या तपासण्या

वय जास्त म्हणून कोणी आपोआप बाद होत नाही. अडतं ते चालू असलेल्या कॅन्सरवर, आटोक्यात नसलेल्या संसर्गावर, फार बिघडलेल्या हृदयावर. आणि गोळ्या नियमित घेतल्या जाणार नाहीत असं दिसलं तरीही पथक थांबतं, याची लोकांना कल्पना नसते. हृदयाच्या तपासण्या, क्षयरोग आणि काविळीच्या विषाणूंच्या चाचण्या, वयानुसार कॅन्सरच्या तपासण्या असं बरंच काही होतं. दातही तपासतात. ताईनं यावर नाक मुरडलं होतं, ‘किडनीचा आणि दाढेचा काय संबंध?’ म्हणून. संबंध असा की नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून औषधांनी प्रतिकारशक्ती दाबल्यावर दाढेखालचा साधा पूसुद्धा अंगभर पसरू शकतो.

लसी आधीच उरकून घ्या. जिवंत विषाणूंच्या लसी, म्हणजे गोवर किंवा कांजिण्यांच्या, प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत. हेपॅटायटिस बीची लसही किडनी पुरती ढासळण्याआधी घेतलेली बरी, कारण नंतर शरीर तिला नीट दाद देत नाही.

‘मॅच’ म्हणजे नक्की काय

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली रक्तगट. ओ गट ए, बी, एबी सगळ्यांना देऊ शकतो, एबीला कोणाचीही चालते. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही.

दुसरी एचएलए, पेशींवरच्या ओळखखुणा. त्या आईकडून निम्म्या आणि वडिलांकडून निम्म्या येतात. म्हणून आईवडील आणि मूल नेहमी निम्मे जुळतात. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, निम्मं जुळण्याची ५०, काहीच न जुळण्याची २५. ताईचं आणि माझं निम्मं जुळलं. आजच्या औषधांमुळे एचएलए कमी जुळलं तरी प्रत्यारोपण होतं. पती-पत्नींमधली प्रत्यारोपणं उत्तम चालतात, त्यांचं तर रक्ताचं नातंच नसतं.

तिसरी आणि खरी परीक्षा क्रॉसमॅचची. रुग्णाच्या रक्तातला द्रव भाग दात्याच्या पांढऱ्या पेशींवर घालून बघतात. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असतील तर त्या पेशी मरतात. पेशी मेल्या, तर किडनीही काही तासांत मरू शकते. ही चाचणी किती मोलाची आहे, हे १९६९ साली पटेल आणि तेरासाकी यांनी दाखवून दिलं. आता अधिक बारीक चाचण्या आहेत, पण तत्त्व तेच. अशी प्रतिपिंडं रक्त चढवल्यानं, आधीच्या प्रत्यारोपणानं किंवा गरोदरपणामुळे तयार होतात. म्हणूनच मुलं झालेल्या स्त्रीला नवऱ्याची किंवा मुलाची किडनी कधीकधी चालत नाही. यात प्रेम कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही, हे घरातल्यांना मुद्दाम सांगावं लागतं.

जुळलं नाही तर

तर दाता बाद झाला असं समजू नका. अदलाबदलीचा पर्याय विचारा. एका जोडीतला दाता दुसऱ्या जोडीतल्या रुग्णाला देतो, त्यांचा दाता तुमच्या रुग्णाला. ही कल्पना १९८६ साली फेलिक्स रॅपापोर्ट यांनी मांडली. अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जोड्यांची गाठ घालायचं गणित बसवलं. अशाच प्रकारच्या कामासाठी रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आता दोन जोड्यांवर न थांबता लांबलचक साखळ्या होतात.

रक्तगट विरुद्ध असला तरी प्रतिपिंडं गाळून आणि औषधं देऊन प्रत्यारोपण करता येतं. संसर्गाची भीती थोडी वाढते आणि उपचारही लांबतात. अदलाबदल शक्य असेल तर ती आधी बघावी, असं माझं मत.

दात्यासाठी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यांचं लक्ष रुग्णाकडे असतं आणि दात्याला मात्र ‘तू ग्रेट आहेस’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

तपासणीत दोन्ही किडन्यांचं काम, लघवीतली प्रथिनं, साखर, रक्तदाब आणि सीटी स्कॅनवर रक्तवाहिन्यांचा नकाशा बघतात. जमल्यास डावी किडनी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. दोन्हींतली एक जरा कमी काम करत असेल तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवतात.

एक मुलाखत एकट्यानं द्यायची असते. मला विचारलं, ‘कोणाचा दबाव आहे का? नाही म्हणायचं असेल तर आत्ता सांगा, घरच्यांना आम्ही फक्त तुम्ही दाता म्हणून योग्य नाही एवढंच कळवू.’ मला द्यायचीच होती, तरी ते ऐकून मोकळं वाटलं. तुमच्या ठिकाणी असं एकट्याशी बोलणं झालं नसेल तर ते मागून घ्या. आणि पैशाची भाषा कोणी काढली तर तिथून उठा. अवयवांचा बाजार जवळजवळ सगळ्या देशांत गुन्हा आहे आणि २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्यानं तो जगभरच्या प्रत्यारोपण क्षेत्राच्या वतीनं नाकारला आहे.

धोका किती? अमेरिकेत १९९४ ते २००९ मधल्या दात्यांचा हिशेब केला तेव्हा ऑपरेशननंतरच्या ९० दिवसांत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३ मृत्यू दिसले. नंतरच्या दशकात हे प्रमाण १ च्याही खाली आलं. पुढच्या आयुष्यात दात्याची स्वतःची किडनी निकामी होण्याचा अंदाज २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात १०,००० मागे ९० असा आला. तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत तो १४ होता आणि सर्वसामान्य लोकसंख्येत ३२६. म्हणजे धोका वाढतो, पण लहानच राहतो. ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका आणि ‘आयुष्याचा अधू होशील’ म्हणणाऱ्यांवरही. मूल हवं असलेल्या स्त्री दात्यांनी आणखी एक आकडा विचारात घ्यावा : कॅनडातल्या एका अभ्यासात गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण किडनी दिलेल्यांत ११ टक्के आणि न दिलेल्यांत ५ टक्के होतं.

दुर्बिणीतून किडनी काढायची पद्धत १९९५ साली आली आणि दात्याचं दुखणं कमी झालं. तरी दुखतं. मला पोटापेक्षा खांदा दुखला. ऑपरेशनसाठी पोटात भरलेला वायू छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात उठते. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं, मला वाटलं हृदयाचंच काही झालं. दुसऱ्या दिवशी चाललो तेव्हा ती कळ ओसरली. दात्याला बहुधा काही दिवसांत घरी सोडतात. सुमारे सहा आठवडे जड उचलायचं नाही. रुग्ण टवटवीत दिसतो आणि दाता मात्र वाकून चालतो, हे बघून घाबरू नका.

उरलेली किडनी काम वाढवते. काही काळात एकूण क्षमता आधीच्या ६०-७० टक्क्यांपर्यंत येते. म्हणून क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा थोडं जास्तच राहतं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे गेलात की ‘एक किडनी दिलेली आहे’ हे पहिलं वाक्य. वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं, जन्मभर. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या वेदनाशामक गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत.

घरात दाता नसेल तर

मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव लावायचं. मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. मेंदू आणि मेंदूचा दांडा यांचं काम कायमचं थांबलेलं असतं, हृदय फक्त व्हेंटिलेटरच्या आधारावर धडधडत असतं. हार्वर्डच्या समितीनं १९६८ साली याचे निकष मांडले. बुबुळाची हालचाल, खोकला आणि व्हेंटिलेटर थांबवल्यावर स्वतःहून श्वास घ्यायची धडपड, यांतलं काहीच उरलेलं नाही ना, हे तपासतात. आणि हे ठरवणारे डॉक्टर प्रत्यारोपणाच्या पथकातले नसतात. अनेक देशांत हृदय थांबल्यानंतरचं दानही होतं.

अवयवदानात स्पेन कित्येक वर्षं जगात आघाडीवर आहे. ‘नकार दिला नाही म्हणजे होकार’ या कायद्याला लोक त्याचं श्रेय देतात. माझ्या मते ते १९८९ पासून उभ्या केलेल्या यंत्रणेला द्यायला हवं. तिथे रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक असतात आणि कायदा काहीही म्हणो, घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्हाला दान करायचं असेल तर अर्ज भरून थांबू नका, घरात बोलून ठेवा. अतिदक्षता विभागाबाहेर प्रश्न त्यांनाच विचारला जातो.

यादीत असलेल्या रुग्णानं फोन रात्रंदिवस चालू ठेवावा आणि दुसरा एक नंबर देऊन ठेवावा. कागदपत्रं, औषधांची यादी आणि शेवटच्या डायलिसिसची तारीख एका पिशवीत भरून ठेवा. फोन आला की पाणीसुद्धा विचारूनच प्यायचं. ताप किंवा जखम असेल तर तेव्हाच सांगायचं, लपवायचं नाही. एका किडनीसाठी कधी दोघा-तिघांना बोलावतात, क्रॉसमॅच बिघडतो, आणि माणूस तसाच परत येतो. याची तयारी मनात हवी.

काढलेली किडनी बर्फाच्या थंडाव्यात ठेवतात, पण जितका वेळ जाईल तितकी ती मंदावते. नुसत्या बर्फाऐवजी यंत्रातून तिच्यात द्रव खेळवत ठेवला तर ती लवकर कामाला लागते, हे २००९ मध्ये युरोपातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. पूर्वी फेकल्या जात असत्या अशा किडन्याही आता वापरल्या जातात. हेपॅटायटिस सी झालेल्या दात्याची किडनी देऊन रुग्णाला लगेच त्यावरची औषधं दिली की विषाणू जातो. एचआयव्ही असलेल्या दात्याची किडनी एचआयव्ही असलेल्याच रुग्णाला देण्याची सुरुवात २००८ मध्ये केपटाउनला झाली.

ऑपरेशन

जुन्या किडन्या सहसा तशाच ठेवतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि तिची नळी मूत्राशयाला. सर्जननी नंतर सांगितलं : चिमटे सोडले तशी करड्या रंगाची किडनी क्षणात गुलाबी झाली आणि टाके पुरे व्हायच्या आधीच नळीतून लघवीचे थेंब पडायला लागले. मेंदूमृत दात्याची किडनी कधीकधी काही दिवस सुस्त राहते, तोवर डायलिसिस लागतं. ते अपयश नव्हे.

मूत्रनलिकेत ‘डीजे स्टेंट’ नावाची बारीक नळी ठेवतात आणि ती काही आठवड्यांनी काढतात. घरी जाताना ती काढायची तारीख लिहून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडे जमतात आणि संसर्ग होतो.

गोळ्या आणि घड्याळ

२३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये जोसेफ मरी यांनी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं ते एकसारख्या जुळ्या भावांत. प्रतिकारशक्ती दाबणारी भरवशाची औषधं तेव्हा नव्हती आणि जुळ्यांना त्यांची गरज नव्हती. बाकी सगळ्यांसाठी चित्र पालटलं ते १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिननं. त्यानंतर टॅक्रोलिमस आलं, जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. आज बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन असं त्रिकूट दिलं जातं.

टॅक्रोलिमसची मात्रा कमी पडली की रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारतं, आणि जास्त झाली की औषधच किडनीला इजा करतं. हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून रक्तातली ‘लेव्हल’ बघतात, तीही पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी. ताईचा तपासणीचा दिवस असा असतो : सकाळची गोळी डबीत, डबी पर्समध्ये, आधी सुई, मग गोळी. पहिल्या महिन्यात ती एकदा सवयीनं गोळी घेऊन गेली. लेव्हल भलतीच जास्त आली. मात्रा कमी करणार, इतक्यात नर्सनं विचारलं, ‘गोळी घेऊन आलात का?’

गोळ्या बारा तासांच्या अंतरानं, रोज त्याच वेळी, जेवणाच्या बाबतीतही रोज सारख्याच पद्धतीनं. दिवसातून एकदा घ्यायची गोळी आणि दोनदा घ्यायची गोळी एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची दिली तर आधी रुग्णालयाला कळवा. ग्रेपफ्रूट, बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन लेव्हल वाढवतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिटांवरचं फेनिटॉइन ती पाडतात. जुलाब लागले तरी टॅक्रोलिमसची लेव्हल चढू शकते. कुठलीही जडीबुटी, काढा, ‘इम्युनिटी वाढवणारं’ चूर्ण नको. इथे इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलेली असते.

रिजेक्शन दुखत नाही. बहुतेक वेळा फक्त क्रिएटिनिन वाढतं, माणसाला मात्र बरंच वाटत असतं. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून तपासणी चुकवणं सर्वांत महागात पडतं. शंका आली की बायोप्सी करतात. काही ठिकाणी दात्याच्या डीएनएचे रक्तात तरंगणारे तुकडे मोजूनही आधी सुगावा लावता येतो. वेळेत पकडलेलं रिजेक्शन बहुधा परतवता येतं.

घरी रोज वजन, ताप, रक्तदाब, लघवी लिहून ठेवा. ३८ अंश सेल्सिअसला ताप पोचला, लघवी घटली, दिवसात किलोभर वजन वाढलं, किडनीवर दुखलं किंवा गोळ्या उलटून पडल्या, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.

पुढची वर्षं

पहिल्या काही महिन्यांत सीएमव्ही नावाचा विषाणू आणि न्यूमोनिया यांच्याविरुद्ध वेगळी औषधं असतात, ती हळूहळू सुटतात. मुख्य गोळ्या सुटत नाहीत. त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तेव्हा भर उन्हात अंग झाका आणि नवा डाग दाखवून घ्या. मूल हवं असेल तर साधारण वर्षभर थांबतात. मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे, ते निदान सहा आठवडे आधी बदलून घ्यावं लागतं. म्हणजे ‘दिवस राहिले, आता सांगू’ असं इथे चालत नाही.

डुकराची जनुकं बदलून तयार केलेली किडनी मार्च २०२४ मध्ये बॉस्टनमध्ये पहिल्यांदा जिवंत रुग्णाला बसवली. त्या प्राण्यात ६९ बदल केले होते. रुग्ण सुमारे दोन महिन्यांनी वारला. मृत्यू प्रत्यारोपणामुळे झाल्याची खूण दिसली नाही, असं रुग्णालयानं सांगितलं. काम पुढे चालू आहे, पण आज दाता शोधायचा कंटाळा करून त्याची वाट बघत बसण्यासारखी वेळ आलेली नाही.

दान मिळालेली किडनी बहुधा जन्मभर पुरत नाही. जिवंत दात्याची साधारण १५ ते २० वर्षं चालते, मेंदूमृत दात्याची त्याहून काहीशी कमी. काहींची कितीतरी जास्त. ती मंदावू लागली की हा लेख पुन्हा पहिल्या आकड्यापासून : ईजीएफआर ३० च्या खाली येत असतानाच दुसऱ्या प्रत्यारोपणाची चौकशी, हाताच्या शिरा जपणं, रक्त चढवणं टाळणं. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, कारण एकदम बंद केल्या तर प्रतिपिंडं वाढतात आणि पुढची किडनी जुळणं अवघड होतं. ताईचा आकडा सध्या ५८ आहे. तिच्या फोनमध्ये सकाळी आठ आणि रात्री आठचा गजर लावलेला आहे, माझ्याही फोनमध्ये तोच, आणि रात्री आठ-पाचला तिचा ‘घेतली’ असा मेसेज आला नाही की मी फोन लावतो.